पंडिता रमाबाई : थकलेल्यांचा विसावा

बायबल म्हणजे निव्वळ उपदेश, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्यात थकलेल्या जिवांची गाऱ्हाणी पुष्कळ आहेत. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाला मरणातच विश्रांती दिसते. स्तोत्रकर्त्याला कबुतराचे पंख घेऊन दूर उडून जावेसे वाटते. एलीया संदेष्टा जिवाला कंटाळून झुडपाखाली निजतो. देवदूत त्याला बोल लावीत नाही, आधी भाकर-पाणी देतो. हे सारे मूळ भाषांवरून मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंना ही गाऱ्हाणी परकी नव्हती.

त्यांचा जन्म १८५८ साली कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर सारे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरले. पुढे दुष्काळात काही महिन्यांतच वडील, आई व थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी. चोविसाव्या वर्षी वैधव्य आले, पदरी तान्ही मनोरमा! १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यामुळे स्वकीयांचा रोषही पत्करावा लागला.

१८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली व विधवा त्यांनी आणल्या. पुण्याजवळच्या केडगावला त्यांना आधी अन्न आणि निवारा मिळाला. शिक्षण व हातचा उद्योग मागाहून. त्या घराचे नाव ‘मुक्ती’.

रमाबाईंना स्वतःला मात्र विसावा कुठला? हिब्रू व ग्रीक शिकून, साध्या बायकांनाही कळेल अशा मराठीत त्यांनी अनेक वर्षे बायबलचे भाषांतर केले. मुक्तीच्या छापखान्यात आश्रमातल्या बायकाच खिळे जुळवीत. त्यांची कन्या मनोरमाबाईंनी आपल्या शेजारच्या, तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या गुलबर्ग्यात शाळा चालवली. १९२१ मध्ये तीही आईआधी गेली. तरी रमाबाईंनी लेखणी ठेवली नाही. काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी जमा-खर्चाचा मेळ घालायला शिकतो. रमाबाईंच्या वहीत जमेला दुःखच होते. खर्चाला मात्र दुसऱ्यांचा विसावा. हा मेळ कोणत्या नियमाने बसतो, ते आमच्या पुस्तकांत नाही, केडगावात आहे.