सुमंत मुळगावकर : मालमोटारीमागचा माणूस

मोटारींच्या शर्यती भारतीय प्रेक्षकाला नव्या नाहीत. पण रोज ओझी वाहणारा ट्रक शर्यतीच्या मार्गावर उतरलेला पाहायला त्याला २०१४ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी २३ मार्चला ग्रेटर नोएडा येथील बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर टाटा मोटर्सचे बारा प्रायमा ट्रक एकमेकांशी भिडले. अमेरिकेत १९९५ पासून ट्रकची स्वतंत्र शर्यतमालिका भरते. तेथील अनेक मार्ग लंबवर्तुळाकार असून वळणावर आतल्या बाजूला कललेले असतात. डेटोनाच्या मार्गावर हा कल ३१ अंशांचा आहे. त्यामुळे वेगातील गाडी बाहेर फेकली न जाता वळण घेऊ शकते. नोएडाचा मार्ग तसा नव्हता आणि तेथील गाड्याही वेगळ्या होत्या. पिकअपच्या आकाराच्या खास शर्यती गाड्यांऐवजी येथे कारखान्यात तयार झालेले मालवाहू ट्रकच, सुरक्षेसाठी आवश्यक ते फेरफार करून, धावले. भारतीय ट्रकला ही हिंमत ज्यांच्या कष्टांतून आली, त्या सुमंत मुळगावकरांचे निधन होऊन तेव्हा पाव शतक लोटले होते.

मुळगावकरांचा जन्म ५ मार्च १९०६ रोजी मुंबईत झाला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले आणि सिमेंट उद्योगात रुजू झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशी यंत्रसामग्री मिळणे दुरापास्त झाले, तेव्हा सिमेंट कारखान्याची यंत्रे त्यांनी भारतातच घडवून दाखवली. यंत्र विकत आणणे आणि यंत्र करता येणे यांतील अंतर त्यांना तेथे उमगले. पुढच्या साऱ्या आयुष्यात ते हेच अंतर कापत राहिले.

१९४९ मध्ये जे. आर. डी. टाटांनी त्यांना टेल्कोत आणले. रेल्वेची वाफेची इंजिने बनवण्यासाठी १९४५ मध्ये जमशेदपूरला स्थापन झालेली ही कंपनी. १९५४ मध्ये तिने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि त्याच वर्षी पहिला ट्रक बाहेर पडला. गाडीवर बेंझचा तारा होता. करार कधी तरी संपणार, तारा कधी तरी उतरवावा लागणार, हे मुळगावकर जाणून होते. त्या दिवशी आपल्या हाती काय उरेल, हा खरा प्रश्न होता. १९६९ मध्ये तो दिवस उजाडला. ट्रकवर टाटांचे स्वतःचे चिन्ह आले आणि उत्पादन अखंड चालू राहिले.

या तयारीचा मोठा भाग पुणे परिसरात झाला. पिंपरी-चिंचवडला १९६६ मध्ये टेल्कोचा नवा प्रकल्प उभा राहू लागला. तेथे आधी ट्रक तयार झाले नाहीत. आधी तयार झाली ट्रक बनवणारी यंत्रे, पत्र्याला आकार देणारे साचे आणि ती चालवणारी माणसे. ग्रामीण भागातील तरुणांना शिकाऊ म्हणून घेऊन कुशल कारागीर घडवण्यात आले. संशोधन केंद्र सुरू झाले. ओसाड माळावर झाडे लावली गेली, तलाव खोदला गेला. पुण्यातून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ मध्ये. नफ्याचा हिशेब रोज मागणाऱ्या व्यवसायात अकरा वर्षे केवळ पाया भरत राहणे ही सोपी गोष्ट नव्हती. पाया चुकला असता, तर दोष त्यांच्याच माथी येणार होता.

त्याची परीक्षा ऐंशीच्या दशकात झाली. टोयोटा, निस्सान, माझदा, मित्सुबिशी अशा जपानी कंपन्या भारतीय भागीदारांसह हलक्या मालमोटारी घेऊन बाजारात उतरल्या. जपानी गाड्यांपुढे देशी कंपनी टिकणार नाही, अशी शंका अनेकांना होती. टेल्कोने परदेशी भागीदार न घेता आपल्याच अभियंत्यांकडून गाडी घडवली आणि १९८६ मध्ये ४०७ रस्त्यावर आली. जपानी नावे एकेक करून मागे पडली. चारशेसात मात्र महाराष्ट्राच्या खेडोपाडी घरचीच होऊन गेली.

मुळगावकरांविषयी एक आख्यायिका नेहमी सांगितली जाते. ते रस्त्याकडेच्या ढाब्यावर ट्रकचालकांच्या पंगतीला बसत आणि गाडीच्या तक्रारी त्यांच्याच तोंडून ऐकत. आख्यायिकेचा तपशील कसाही असो, चालकाला काय सोसते आणि काय खुपते याची जाण त्यांच्या गाड्यांत दिसते. त्यांच्या पत्नी लीला मुळगावकर यांनी देशात ऐच्छिक रक्तदानाची चळवळ रुजवली. १९६३ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले.

१९८८ मध्ये टेल्कोची सूत्रे रतन टाटांकडे आली आणि पुढच्याच वर्षी मुळगावकरांचे निधन झाले. १९९४ मध्ये आलेल्या सुमो या गाडीच्या नावात त्यांच्या नाव-आडनावाची आद्याक्षरे गुंफली गेली. प्रायमा त्यांच्या हयातीतील गाडी नव्हे. तिच्या घडणीत टाटांनी २००४ मध्ये घेतलेल्या कोरियातील देवू कंपनीचाही वाटा आहे. मात्र परक्याचे तंत्र घेऊन ते पचवण्याची ताकद पिंपरी आणि जमशेदपूरच्या मशागतीतूनच आली होती. पहिल्या शर्यतीत चालक परदेशी होते. २०१६ मध्ये प्रशिक्षण घेतलेले भारतीय ट्रकचालक त्याच मार्गावर उतरले आणि ढाब्यावरच्या त्या पंगतीतला माणूस शर्यतीच्या चक्रामागे बसला.

मंचरहून घोडेगाव, डिंभे, तळेघर करत भीमाशंकरकडे चढणाऱ्या रस्त्यावर शर्यतीचा मार्ग नाही, की प्रेक्षकांची गॅलरी नाही. पावसाळ्यात तेथे धुके उतरते, वळणे निसरडी होतात. तरीही भाताची पोती, हिरडा, लग्नाचे वऱ्हाड आणि बैलगाडा शर्यतीला निघालेले बैल घेऊन टेम्पो हा चढ चढत आले आहेत. मुळगावकरांनी गाडी घडवली ती अशाच रस्त्यांसाठी.