मोठ्या आतड्याचा शत्रू

इल्या मेचनिकोव्ह यांचा जन्म १८४५ चा, युक्रेनमधल्या खारकिव्हजवळचा. पहिली पत्नी क्षयाने गेली तेव्हा या माणसाने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. पुढे तोच दीर्घायुष्याच्या मागे लागला. १८८२ साली इटलीतल्या मेसिना इथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला. सकाळी पाहतात तो काट्याभोवती पेशींचा गराडा! या भक्षक पेशींसाठी १९०८ चे नोबेल त्यांना पॉल अर्लिख यांच्यासोबत मिळाले.

तोवर पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचे लक्ष आतड्याकडे वळले होते. मोठ्या आतड्यात अन्न कुजते, त्या विषाने म्हातारपण लवकर येते, हा त्यांचा सिद्धान्त. बल्गेरियातले दीर्घायुषी शेतकरी आंबवलेले दूध पितात म्हणून तेही ते रोज घेऊ लागले. मोठे आतडे त्यांना निरुपयोगीच वाटे. लंडनमध्ये आर्बुथनॉट लेन या शल्यविशारदांनी तर बद्धकोष्ठाच्या रुग्णांची मोठी आतडी खरोखरच काढली.

जिवाणूंचे महत्त्व मेचनिकोव्ह यांनी ओळखले, पण आतड्याबाबत ते चुकले. ज्वारी, डाळी, भाज्यांतल्या चोथ्यापासून तिथले जिवाणू ब्युटिरेट बनवतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावरच पोसतात. डाळिंबातल्या टॅनिनपासून युरोलिथिनही तिथेच तयार होते, अर्थात सगळ्यांच्या पोटात नाही. ज्याचे जिवाणू तसे, त्यालाच ते मिळते. म्हणून ओपीडीत कोणी प्रोबायोटिकची पुडी लिहून मागितली, की मी आधी ताटात भाजी किती असते ते विचारतो. बहुतेकदा उत्तर चमचाभर असेच येते.

मेचनिकोव्ह १९१६ साली पॅरिसमध्ये हृदयविकाराने गेले, ७१ व्या वर्षी.