कमजोर डोळ्यांचा पारखी

एखाद्या जुन्या संग्राहकाने १८३५ सालचे पाच-सहा रुपये टेबलावर मांडले, तर आपल्याला ते सगळे सारखेच दिसतात. तोच चौथ्या विल्यम राजाचा चेहरा, तेच साल, तेच १८० ग्रेनचे, म्हणजे एका तोळ्याचे वजन. संग्राहक मात्र भिंग घेऊन राजाची मान जिथे संपते त्या कडेवर पाहतो. एखाद्या नाण्यावर तिथे 'आर. एस.' ही अक्षरे असतात, एखाद्यावर 'एफ'. तो 'एफ'ही कधी खोलगट, कधी उठावाचा. काही नाण्यांवर अक्षरच नसते. आर. एस. म्हणजे कलकत्त्याच्या टाकसाळीचा प्रमुख रॉबर्ट सॉन्डर्स आणि एफ म्हणजे त्याच्यानंतर आलेला विल्यम नेर्न फोर्ब्स. पुढची काही वर्षे रुपये पाडले गेले तरी त्यांच्यावर साल १८३५ हेच राहिले. त्यामुळे कुठले नाणे आधीचे, कुठले नंतरचे, हे सांगायला ही बारीक अक्षरेच उपयोगी पडतात. ठशाठशातला फरक ओळखणे ही संग्राहकाची खरी विद्या.

हा रुपया निघाला तेव्हा कलकत्त्याच्या टाकसाळीत धातूचा कस पाहण्याचे काम जेम्स प्रिन्सेपकडे होते. ब्राह्मी लिपी वाचणारा म्हणून त्याचे नाव आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. पण तो मुळात टाकसाळीतला नोकरदार होता, आणि त्याची विद्या नाण्यांवरच घासूनपुसून तयार झाली होती.

प्रिन्सेपचा जन्म २० ऑगस्ट १७९९ चा. आईवडिलांचे हे दहावे अपत्य. वडिलांनी हिंदुस्थानात निळीच्या व्यापारात पैसा मिळवला होता. जेम्सला व्हायचे होते वास्तुशिल्पी. ऑगस्टस प्युजिनकडे त्याने धडेही घेतले, पण डोळ्यांच्या विकाराने ते शिक्षण सुटले. मग लंडनच्या टाकसाळीत त्याने कस पाहण्याचे शिक्षण घेतले आणि १८१९ च्या सप्टेंबरात, विशीत, तो कलकत्त्याला उतरला. बारीक रेषा पाहायला ज्याचे डोळे पुरले नाहीत, त्याच्या वाट्याला पुढे आयुष्यभर बारीक अक्षरेच आली.

वर्षभरातच त्याला बनारसच्या टाकसाळीत पाठवण्यात आले. तिथे त्याने दहा वर्षे काढली. नोकरी सांभाळून शहराचा नकाशा केला, साचलेले पाणी काढायला भुयारी गटार बांधले, कर्मनाशा नदीवर दगडी पूल उभारला. एका ग्रेनच्या तीन हजाराव्या भागापर्यंतचा फरक दाखवणारा तराजू त्याने तयार केला. १८३० मध्ये बनारसची टाकसाळ बंद झाल्यावर तो कलकत्त्याला परतला.

तेव्हा कंपनीच्या मुलखात वेगवेगळ्या वजनांचे आणि कसांचे रुपये चालत. नाणे जुने झाले की सराफ त्यावर बट्टा कापत, आणि तो भुर्दंड शेवटी रयतेवर पडे. सगळीकडे एकच रुपया चालावा, वजनमापे सुटसुटीत व्हावीत यासाठी प्रिन्सेप झटला. १८३५ चा रुपया हे त्या खटपटीचे फळ.

याच काळात तो एशियाटिक सोसायटीचा चिटणीस होता. देशभरातून त्याच्याकडे जुनी नाणी येत. इंडो-ग्रीक राजांच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक अक्षरे, तर दुसऱ्या बाजूला कोणालाच न कळणारी लिपी, म्हणजे खरोष्ठी. अफगाणिस्तानात नाणी गोळा करणाऱ्या चार्ल्स मॅसनने दोन्ही बाजूंचा मेळ हेरला होता. प्रिन्सेपने तो धागा पकडला.

पण अडचण होती. जुनी नाणी हातोड्याने ठोकून पाडलेली. ठसा नेमका मध्यावर बसेलच असे नाही, त्यामुळे कडेची अक्षरे कापली जात. एका नाण्यावर सुरुवात गेलेली, दुसऱ्यावर शेवट. म्हणून एकाच राजाची अनेक नाणी शेजारी ठेवायची आणि एकावरचे गाळलेले अक्षर दुसऱ्यावरून भरून काढायचे. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला यातले मर्म चटकन कळते. खोटे नाणे एकटे असताना साळसूद दिसते, शेजारी खरे ठेवले की उघडे पडते.

१८३७ च्या मे महिन्यात सौराष्ट्राच्या क्षत्रपांच्या चिमुकल्या चांदीच्या नाण्यांवरची नावे त्याला लागली. त्याच महिन्यात सांचीच्या कठड्यांवरच्या छोट्या लेखांच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारा शब्द 'दान' असला पाहिजे, हे त्याने ताडले. ख्रिश्चन लासेनने आधी काही अक्षरे लावली होती, कमलाकांतांसारख्या पंडितांची साथ होती. बघता बघता ब्राह्मी वाचता येऊ लागली, आणि दोन हजार वर्षे मुके असलेले अशोकाचे स्तंभ बोलू लागले.

त्याची किंमत मात्र त्याने शरीराने मोजली. दिवसा टाकसाळ, मग लिपी, पत्रव्यवहार, नियतकालिक. १८३८ मध्ये डोकेदुखीने तो कोसळला. त्याला जहाजाने इंग्लंडला नेले, पण मेंदूच्या विकारातून तो उठलाच नाही. २२ एप्रिल १८४० रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले. वय अवघे चाळीस. मागे पत्नी आणि लहानगी मुलगी राहिली. त्याच १८४० सालाचा राणी व्हिक्टोरियाचा रुपया आज संग्राहक त्यावरच्या वेलीतली फळे मोजून पारखतात.

प्रिन्सेपची ही रीत आपल्याकडेही उपयोगी पडली. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपान क्षत्रपाची तेरा हजारांवर नाणी सापडली. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारलेला. एका राजाच्या चेहऱ्यावर दुसऱ्याची छाप, म्हणजे पराभवाची कहाणीच. ती वाचता आली, कारण तिथेही ढीगभर नाणी एकेक करून ताडून पाहिली गेली.

आपल्या घरातही देवघराच्या डब्यात, आजीच्या बटव्यात एखादा जुना रुपया असतो. तो चिंच किंवा राख लावून घासू नका. चकाकी येईल, पण मानेखालचे ते एवढेसे अक्षर कायमचे पुसले जाईल.