प्लास्टिकच्या रेणूंना शिस्त लावणारे नात्ता

हर्नियाच्या शस्त्रक्रियेत बसवायची जाळी, टाक्यांचा न विरघळणारा निळा धागा, एकदाच वापरून टाकायची सिरिंज. आखाडा बाळापूरपासून मुंबईपर्यंत रुग्णांच्या उपयोगी पडणाऱ्या या वस्तू बहुधा पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकच्या असतात. या प्लास्टिकशी जोडलेले मोठे नाव म्हणजे इटलीचे रसायनशास्त्रज्ञ जुलिओ नात्ता.

त्यांचा जन्म २६ फेब्रुवारी १९०३ चा. मिलानमध्ये ते एकविसाव्या वर्षी रसायन अभियंता झाले आणि पुढे तिथेच प्राध्यापक. क्ष-किरणांनी पदार्थाची रचना तपासण्यात त्यांचा हातखंडा होता. जर्मनीच्या कार्ल त्सिग्लर यांच्या पद्धतीचे उत्प्रेरक वापरून मार्च १९५४ मध्ये त्यांनी प्रॉपिलिन वायूपासून घन प्लास्टिक मिळवले.

या प्लास्टिकचा रेणू म्हणजे लांबलचक साखळी. तिच्या कड्यांना छोटे फाटे असतात. फाटे कसेही फुटले, तर पदार्थ मऊ आणि चिकट होतो. सगळे एकाच बाजूला आले, तर साखळ्या नीट रचल्या जातात, स्फटिक बनतात आणि पदार्थ सुमारे १६० अंशांपर्यंत वितळत नाही. म्हणूनच तो ऑटोक्लेव्हमधील १२१ अंशांची वाफ सोसतो. या शिस्तबद्ध रचनेला आयसोटॅक्टिक हे ग्रीक धातूंवरून घडवलेले नाव सुचवले ते नात्तांच्या पत्नी रोझिता यांनी. त्या साहित्याच्या अभ्यासक होत्या.

शोध मोठा, तसा वादही मोठा. अमेरिकेत १९५८ मध्ये पाच दावेदार पेटंटसाठी समोरासमोर आले. दाव्याच्या मसुद्यात आयसोटॅक्टिक हा शब्दच नव्हता. बऱ्याच अंशी स्फटिकमय असलेले घन पॉलिप्रॉपिलिन, एवढेच वर्णन होते. असा पदार्थ फिलिप्स कंपनीच्या होगन आणि बँक्स यांना १९५१ मध्येच मिळाला होता आणि त्यांनी जानेवारी १९५३ मध्ये अर्जही केला होता.

पेटंट कार्यालयाने १९७१ मध्ये नात्तांच्या बाजूने कौल दिला. १९८० मध्ये न्यायालयाने तो फिरवला आणि १९८३ मध्ये पेटंट फिलिप्सला मिळाले. पदार्थ आधी कोणी बनवला, हा न्यायालयापुढचा प्रश्न होता. फाट्यांची मांडणी कोणी उलगडली, हा नव्हे.

नात्तांना १९५६ पासून कंपवाताने गाठले होते. १९६३ चे नोबेल त्यांनी त्सिग्लर यांच्यासोबत आजारपणातच स्वीकारले. २ मे १९७९ रोजी त्यांचे निधन झाले, त्यामुळे न्यायालयाचा निकाल त्यांना पाहावा लागला नाही. पेटंट गेले, पण हे प्लास्टिक उकळत्या वाफेत का टिकते, याचे उत्तर आजही त्यांच्याच शब्दात दिले जाते.