जे. सी. कुमारप्पा

जोसेफ चेल्लादुराई कुमारप्पा (४ जानेवारी, इ.स. १८९२ – ३० जानेवारी, इ.स. १९६०) हे भारतीय अर्थतज्ज्ञ आणि ग्रामोद्योग चळवळीचे संघटक होते. कोळसा व खनिज तेल यांवर उभी राहिलेली अर्थव्यवस्था टिकाऊ नसते, हा विचार त्यांनी वर्ध्यातील वास्तव्यात विकसित केला.

जीवन

कुमारप्पांचा जन्म तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. मूळ आडनाव कॉर्नेलियस. लंडनमध्ये लेखापरीक्षणाचे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईत व्यवसाय केला. पुढे अमेरिकेतील सिराक्यूज व कोलंबिया विद्यापीठांत त्यांनी अध्ययन केले. भारतीय दारिद्र्याचा सरकारी करव्यवस्थेशी असलेला संबंध हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्याच निमित्ताने इ.स. १९२९ मध्ये त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. इ.स. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे होते. गांधीजींच्या सोबत आलेल्या मंडळींचा खर्च त्या निधीतून करण्यास त्यांनी नकार दिला. गांधीजींनाही हा काटेकोरपणा मान्य झाला.

त्याच वर्षाअखेरीस वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व कुमारप्पा त्याचे संघटक-सचिव झाले. आज बोरगाव मेघेसारख्या वस्त्यांनी वेढलेल्या वर्धा शहरातील मगनवाडी हे संघाचे केंद्र होते. ती जागा जमनालाल बजाज यांनी दिली. तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन यांवर तेथे प्रयोग चालत.

इंधनविषयक विचार

मगनवाडीतील ‘मगनदीप’ हा कंदील रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळे. वनस्पती तेल रॉकेलपेक्षा दाट असल्याने वातीतून सावकाश चढते. म्हणून साधा रॉकेलचा कंदील त्यासाठी उपयोगी पडत नाही, वेगळी रचना करावी लागते. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या खटाटोपामागे स्पष्ट हिशेब होता. रॉकेलसाठी गावाचा पैसा बाहेर जातो. तेलबिया मात्र गावातच पिकतात आणि पेंडही गावातच राहते.

जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ या ग्रंथात हाच विचार व्यापक झाला. निसर्गातील संपत्तीचे त्यांनी दोन प्रकार मानले: साठ्याची आणि प्रवाहाची. खनिजांचा साठा वापरला की संपतो आणि उरलेल्या साठ्यासाठी राष्ट्रे झगडतात; सूर्यप्रकाश, वाहते पाणी व वनस्पती यांचा ओघ मात्र नव्याने येत राहतो. दुसरे महायुद्ध चालू असताना केलेली ही मांडणी कल्पनारंजन नव्हती.

हायड्रोजन-इंधनाची चर्चा त्यांच्या हयातीनंतर वाढली. तरी हा निकष तेथेही लागू पडतो. हायड्रोजन संयुगांतून वेगळा काढावा लागतो. नैसर्गिक वायूपासून काढल्यास तो साठ्याचीच उधळण करतो. सूर्य वा वाऱ्यापासूनच्या विजेने पाण्याचे विघटन करून मिळवल्यास प्रवाहाच्या बाजूला येतो. म्हणजे इंधनाचे नाव पुरेसे नसते, त्याचे मूळ पाहावे लागते.

उत्तरायुष्य

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या कृषी सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते. समितीचा अहवाल इ.स. १९४९ मध्ये आला. मोठे कारखाने, ट्रॅक्टर व रासायनिक खते यांच्या मार्गाने निघालेल्या नियोजनावर ते परखड टीका करीत राहिले आणि सत्ताधाऱ्यांपासून दुरावले. बैल शेणखत देतो, ट्रॅक्टर देत नाही, हा त्यांचा साधा युक्तिवाद त्या काळी मागासलेला ठरला. वर्ध्याजवळच्या सेलडोह येथे काही काळ काम केल्यावर ते मदुराईजवळील कल्लुपट्टी येथे गेले. गांधीजींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, ३० जानेवारी, इ.स. १९६० रोजी त्यांचे निधन झाले.