हेन्री स्ट्रीटच्या वॉल्डबाई

१८९३ सालच्या मार्च महिन्यातील एक पावसाळी सकाळ. न्यूयॉर्क शहराच्या लोअर ईस्ट साइड भागात, हेन्री स्ट्रीटवरील एका जुन्या इमारतीत काही गरीब स्त्रियांचा वर्ग भरला होता. आजाऱ्याचा बिछाना कसा घालावा, हा त्या दिवसाचा धडा. शिकवणारी होती पंचविशीतली एक नर्स. इतक्यात एक लहान मुलगी घाबऱ्याघुबऱ्या आत आली व आपली आई फार आजारी आहे, असे तिने सांगितले. नर्सने वर्ग तेथेच थांबवला आणि बिछान्याच्या चादरी बरोबर घेऊन ती त्या मुलीच्या मागे निघाली.

खचलेले रस्ते, कचऱ्याचे ढीग, बायकापुरुषांसाठी एकच असलेल्या उघड्या शौचकूपांचे अंगण, चिखलाने निसरडा झालेला जिना, आणि शेवटी मागच्या चाळीतल्या दोन खोल्या. त्यात सात माणसांचे कुटुंब, शिवाय पोटभाडेकरू. बाप अपंग. बाळंतीण दोन दिवसांपासून रक्तस्रावाने अस्वच्छ बिछान्यावर पडलेली. नर्सने तिला स्वच्छ केले, बिछाना बदलला, जमीन पुसली. निघताना त्या घरच्या माणसांनी तिच्या हातांचे मुके घेतले. ते तिला सोसवेना. अशी घरे ज्या समाजात असतात त्या समाजाची मी एक आहे, मग माझे आभार कसले, असे तिला वाटले. पुढे त्या सकाळीविषयी तिने लिहिले तेव्हा आपला अग्निबाप्तिस्मा तोच होता, असे म्हटले. यहूदी घराण्यात वाढलेल्या स्त्रीने हा शब्द वापरावा, याचे आपल्या वाचकांना कौतुक वाटेल.

या नर्सचे नाव लिलियन वॉल्ड. जन्म १० मार्च १८६७ रोजी सिन्सिनाटी येथे. बालपण रॉचेस्टर शहरात, सुखवस्तू घरी. सोळाव्या वर्षी कॉलेजसाठी अर्ज केला, तो वय लहान म्हणून परत आला. काही वर्षांनी बहिणीच्या आजारपणात घरी आलेली एक शिकलेली नर्स पाहिली आणि आपणही हेच व्हावे असे मनाने घेतले. १८९१ साली न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या शाळेतून त्या उत्तीर्ण झाल्या. वर्षभर अनाथ मुलांच्या एका आश्रमात काम केले, नंतर डॉक्टर होण्यासाठी महिला वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. त्या पावसाळी सकाळनंतर मात्र त्यांनी ते शिक्षण सोडले.

बरोबर शिकलेली मेरी ब्रूस्टर ही मैत्रीण त्यांना मिळाली. दोघींनी ठरवले ते असे की, नर्स म्हणून या वस्तीत यायचे, परंतु राहायचेही इथेच, शेजारीण म्हणून. जेफरसन स्ट्रीटवरील एका चाळीत पाचव्या मजल्यावर त्यांनी बिऱ्हाड केले. खर्चासाठी जेकब शिफ हे यहूदी सावकार व त्यांच्या सासूबाई मिसेस लोब पुढे आल्या. मिरजेस डॉ. वॉन्लेस यांचे रुग्णालय उघडले, त्याच्या आदल्याच वर्षीची ही गोष्ट. रुग्णालयात आजारी माणूस येतो. येथे नर्स आजाऱ्याकडे निघाली होती.

गरिबांच्या घरी नर्स पाठवण्याची कल्पना वॉल्डबाईंची नव्हे, हेही सांगितले पाहिजे. न्यूयॉर्क सिटी मिशनच्या स्त्रियांनी शिकलेल्या नर्सेस घरोघर पाठवण्यास १८७७ सालीच आरंभ केला होता. परंतु अशी नर्स कोणत्या तरी मंडळीची किंवा धर्मादाय दवाखान्याची असे. रशिया, पोलंड, रुमानिया येथून छळाला कंटाळून आलेली यहूदी माणसे, इटलीहून आलेले कॅथलिक मजूर, यांना ती आपल्या दारी कोणत्या हेतूने आली, हा प्रश्न पडत असे. वॉल्डबाईंनी नियम केला की, नर्सला घरच्यांनी स्वतः बोलवावे. चिठ्ठी कोणाचीही लागू नये. धर्म विचारू नये व सांगू नये. ज्याला जमेल त्याने थोडे पैसे द्यावेत, न जमेल त्याने देऊ नयेत. पैसे घेण्यात त्यांना संकोच वाटत नसे. धनवान मनुष्य नर्स बोलावतो तशीच गरिबाने बोलवावी, एवढाच त्यामागचा विचार. आम्ही मंडळीतील माणसे आजाऱ्याला भेटायला जाताना पुष्कळदा हातात काही तरी घेऊन आणि मनात काही तरी धरून जातो; हा नियम मला थोडा टोचला, हे कबूल करतो.

१८९५ मध्ये शिफ यांनी २६५ हेन्री स्ट्रीट हे विटांचे घर घेऊन दिले. मेरी ब्रूस्टर यांना प्रकृतीमुळे लवकरच काम सोडावे लागले. वॉल्डबाई त्या घरात पुढची सुमारे चाळीस वर्षे राहिल्या. शेजारची परसे जोडून मुलांसाठी खेळाचे मैदान केले, कारण त्या भागात मुलांना रस्त्यावाचून जागाच नव्हती. काळी पिशवी घेतलेल्या नर्सेस एका चाळीचे काम संपले की पाच मजले उतरून पुन्हा पाच चढण्याऐवजी गच्चीवरून गच्चीवर जात. १९१३ पर्यंत नर्सेसची संख्या ९२ झाली होती आणि वर्षाला सुमारे दोन लाख घरभेटी होत होत्या. १९०६ साली त्यांनी एलिझाबेथ टायलर या निग्रो नर्सला कामावर घेतले व निग्रो वस्तीत शाखा उघडली. त्या काळी गोऱ्यांच्या संस्थांत हे सहज घडत नसे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना उपयोगी पडेल अशी एक हकीकत सांगतो. बारा वर्षांचा एक मुलगा शाळेत कधी गेलाच नव्हता. डोक्याला इसब, दर वेळी बाईंनी दारातून परत पाठवलेले. वॉल्डबाईंनी दवाखान्यातून मलम आणून नेटाने लावले, आणि सप्टेंबरात त्याला शाळेत घेतले गेले. दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत तो पाच जिने धावत चढून आला, सकाळी शिकलेले शब्द त्यांना म्हणून दाखवायला!

हा मुलगा त्यांच्या मनातून गेला नाही. १८९७ पासून शहराचे डॉक्टर शाळांत तपासणी करू लागले होते. खुपऱ्या, खरूज, नायटा दिसला की मूल घरी. घरी औषध करणारे कोणी नाही, आणि तेच मूल संध्याकाळी इतर मुलांबरोबर रस्त्यावर खेळणार. १९०२ च्या ऑक्टोबरात वॉल्डबाईंनी लिना रॉजर्स ही आपली नर्स महिनाभर चार शाळांना दिली. ती शाळेतच औषध लावी, संध्याकाळी घरी जाऊन आईला रीत दाखवी. महिन्यानंतर शहराने आपल्या पैशाने नर्सेस नेमण्यास सुरुवात केली. १९०२ च्या सप्टेंबरात दहा हजारांहून अधिक मुले घरी पाठवली गेली होती. १९०३ च्या सप्टेंबरात ती सुमारे अकराशेवर आली. आज शाळेतील नर्स आपल्याला नवलाची वाटत नाही, तिचा आरंभ असा झाला.

असाच दुसरा प्रसंग. एके दिवशी वर्तमानपत्रात आले की, कापसाच्या बोंडाला लागणाऱ्या किडीच्या चौकशीसाठी सरकारचे शेतीमंत्री दक्षिणेत निघाले आहेत. वॉल्डबाईंच्या मनात आले, कापसाची काळजी सरकार घेते, मग दर उन्हाळ्यात मरणाऱ्या मुलांची का नाही? फ्लॉरेन्स केली यांच्यासह त्यांनी हा विचार अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यापर्यंत नेला. काँग्रेसने बरीच वर्षे दाद दिली नाही. अखेर १९१२ च्या एप्रिलमध्ये अध्यक्ष टाफ्ट यांची सही होऊन मुलांसाठी सरकारी खाते निघाले. त्याच वर्षी सार्वजनिक आरोग्य नर्सेसची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि वॉल्डबाई तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

सर्वच लोक त्यांच्यावर प्रसन्न होते असे नाही. १९१४ मध्ये युरोपात युद्ध पेटताच न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून स्त्रियांचा शांततेसाठी मोर्चा निघाला, त्यात त्या पुढे होत्या. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरली तरी त्यांनी मत बदलले नाही. काही देणगीदारांनी हात आखडला, नर्सेसच्या पगाराची चिंता पडली, तरी त्या गप्प बसल्या नाहीत. त्यांचे हे वागणे शहाणपणाचे होते का, यावर मतभेद होईल. संस्था चालवणाऱ्या माणसाने इतके स्पष्ट बोलावे का, हा प्रश्न आपल्या पंच कमिट्यांतही निघतो. पण १९१८ च्या शरदात इन्फ्लुएन्झाची साथ शहरावर आली, तेव्हा सर्व नर्सिंग संस्थांना एकत्र बांधण्याचे काम याच बाईंकडे आले. मत विचारायला त्या वेळी कोणाला सवड नव्हती.

पुढे हृदयविकाराने त्या खचल्या. १९३३ साली कामातून निवृत्त होऊन त्या कनेक्टिकट राज्यात वेस्टपोर्ट येथे राहण्यास गेल्या. सत्तराव्या वाढदिवशी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे पत्र त्यांच्या आईने रेडिओवर वाचले. १ सप्टेंबर १९४० रोजी वॉल्डबाई वारल्या. रॉचेस्टरच्या दफनभूमीत त्यांना पुरले आहे. १९४४ मध्ये नर्सेसचे काम वेगळ्या संस्थेकडे गेले. हेन्री स्ट्रीटचे बाकी काम त्याच विटांच्या घरातून चालू राहिले, ते आजही चालू आहे.