कॉड यांचे तक्ते आणि रखडलेली जोडणी

रुग्णालयाच्या खिडकीवर नोंदणी क्रमांक सांगितला, की रुग्णाचे नाव-वय आणि मागच्या वर्षीचा रक्तातील साखरेचा अहवाल पडद्यावर एकत्र दिसतो. संगणकात मात्र ही माहिती बहुधा एका जागी नसते. रुग्णांचा तक्ता वेगळा, तपासण्यांचा वेगळा. दोन्हींत सामाईक असतो तो नोंदणी क्रमांक, आणि त्याच्या आधारे दोन तक्ते त्या क्षणापुरते जोडले जातात. या जोडणीला ‘जॉइन’ म्हणतात. तिला गणिताचा पाया देणारे एडगर फ्रँक कॉड यांना सुरुवातीची अनेक वर्षे एक आक्षेप ऐकावा लागला : कल्पना देखणी आहे, पण यंत्राला ती झेपणार नाही.

कॉड यांचा जन्म 19 ऑगस्ट 1923 रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड येथे झाला. वडील चामड्याचे उत्पादक, आई शिक्षिका. सात भावंडांत ते धाकटे. ऑक्सफर्डमध्ये गणित आणि रसायनशास्त्र शिकत असताना युद्ध सुरू होते. त्यांनी आपणहून हवाई दलात जाऊन विमाने चालवली. 1948 मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि पुढच्याच वर्षी आयबीएममध्ये दाखल झाले. सिनेटर मॅकार्थी यांच्या राजकारणाला कंटाळून त्यांनी 1953 मध्ये कॅनडा गाठला. काही वर्षांनी ते परतले. पीएचडी त्यांनी चाळिशी उलटल्यावर, 1965 मध्ये मिशिगन विद्यापीठातून मिळवली. मग कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील प्रयोगशाळेत त्यांचे लक्ष माहितीच्या साठवणुकीकडे वळले.

त्या काळी माहितीचा एक तुकडा पुढच्या तुकड्याचा पत्ता सांगत असे. आज्ञावली लिहिणाऱ्याने गल्लीबोळ पाठ असल्यासारखा तो माग काढायचा. आज्ञावलीत एखाद्या सूचीचा, म्हणजे इंडेक्सचा, नावाने उल्लेख असे. उद्या ती सूची काढून टाकली तर आज्ञावलीच कोलमडे. कॉड यांचा जून 1970 मधील शोधनिबंध याच दुखण्यावर बोट ठेवतो. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, विचारणाऱ्याने काय हवे ते सांगावे, कोणत्या वाटेने आणायचे ते यंत्राने ठरवावे, असे त्यांचे म्हणणे. इंडेक्स ठेवा किंवा काढा, प्रश्न बदलता कामा नये.

पण मग वाट शोधण्याचे ओझे यंत्रावर आले. 1 लाख रुग्ण आणि 10 लाख अहवाल असतील आणि प्रत्येक रुग्णासाठी सगळे अहवाल चाळायचे ठरवले, तर 10,000 कोटी वेळा तुलना करावी लागते. आक्षेपात तथ्य होते. शिवाय आयबीएमचे जुन्या पद्धतीचे आयएमएस हे उत्पादन चांगले विकले जात होते. घरचाच धंदा बुडवणारी कल्पना कोणाला हवी असणार? 1974 मध्ये अ‍ॅन आर्बर येथे कॉड आणि जुन्या पद्धतीचे अध्वर्यू चार्ल्स बाकमन यांच्यात जाहीर वाद रंगला.

उत्तर वादातून नव्हे, कामातून मिळाले. बोईंग कंपनीत रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट यांनी त्याच सुमारास ‘बी-ट्री’ ही रचना मांडली. शब्दकोशात जसे आधी अक्षर, मग पान, मग शब्द, तशी ही उतरंड. एका पायरीवर 100 फाटे असतील तर 10 लाख नोंदींतून हवी ती नोंद 3 पायऱ्यांत सापडते. सॅन होजेमध्येच ‘सिस्टिम आर’ हा प्रकल्प सुरू झाला. त्यातील पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी 1979 मध्ये यंत्राने वाट कशी निवडावी याचा हिशेब मांडला : कोणत्या तक्त्यात किती ओळी, कोणता इंडेक्स उपलब्ध, कोणता तक्ता आधी वाचला तर स्वस्त पडेल.

हा हिशेब आजही चुकतो, आणि बहुतेकदा दोष माणसांचा असतो. अहवालांच्या तक्त्यात नोंदणी क्रमांकावर इंडेक्सच केलेला नसतो. किंवा तोच क्रमांक एका तक्त्यात संख्या म्हणून आणि दुसऱ्यात मजकूर म्हणून साठवलेला असतो. मग प्रत्येक ओळीत रूपांतर करत बसावे लागते आणि असलेला इंडेक्सही अनेकदा वाया जातो. तारखेतून वर्ष वेगळे काढून तुलना केली तरी तेच. त्याऐवजी 1 जानेवारी ते 31 डिसेंबर अशी मर्यादा दिली, की तारखेवरचा इंडेक्स कामी येतो. ओळींचे आकडे जुने झाले असतील तर यंत्राचा अंदाजच फसतो. यंत्राने कोणती वाट धरली ते बहुतेक प्रणाली दाखवतात. ते न पाहताच नवा सर्व्हर मागवणारे कमी नाहीत. अर्थात, जवळपास सगळ्याच ओळी हव्या असतील तर इंडेक्स बाजूला ठेवून सरसकट वाचन करणेच शहाणपणाचे, आणि यंत्र तेच करते.

कॉड यांना 1981 मध्ये संगणकशास्त्रातील ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी आयबीएमने या पद्धतीचे पहिले उत्पादन विक्रीला आणले. ओरॅकल त्याआधी दोन वर्षे बाजारात पोहोचली होती. त्यांच्या कल्पनेवर उभी राहिलेली एसक्यूएल भाषा मात्र कॉड यांना शेवटपर्यंत पसंत पडली नाही. नाव तक्त्यांचे आणि व्यवहार जुनाच, अशा उत्पादनांना चाप लावण्यासाठी त्यांनी 1985 मध्ये 12 नियम प्रसिद्ध केले. 18 एप्रिल 2003 रोजी फ्लोरिडातील राहत्या घरी, वयाच्या 79व्या वर्षी, हृदय निकामी होऊन त्यांचे निधन झाले.